पहिला क्रमांक वैशालीचा

१२ जाने.
...तरीही नाही. नेटची वायर खोचलेली, डब्यावरचा दिवा हिरवा, पडद्याच्या कोपऱ्यात मात्र प्रश्नचिन्ह. मोलगीत इतक्या वर्षांनी घरात वायर आली आणि मला ती लावता येत नाही. दिवाळीपर्यंत घरातलं नेट म्हणजे वैशालीचा फोन. कॉम्प्युटरला तो तिनंच जोडून दिला होता. मग तिची बदली झाली, नवापूरच्या दवाखान्यात. फोन अर्थात तिच्याबरोबर गेला.

१३ जाने.
कॉलेजातले वसावे सर आले. नुसती वायर लावून भागत नाही. कनेक्शनचा प्रकार बदलून नाव-पासवर्ड भरावा लागतो. भरला. लागलं.
मग म्हणाले, "सर, हा वैशाली नावाचा फोन कोणाचा? पहिला क्रमांक याला दिलाय. चालू झाला की कॉम्प्युटर आधी वहिनींना शोधतो. तुमच्यासारखाच आहे. काढू?"
काढा म्हणालो.
"आल्या की परत टाकू. पासवर्ड फक्त विचारून ठेवा."
पासवर्ड मला कधीच माहीत नव्हता.

१४ जाने.
आठवडी बाजार. आज फोन करायचा नसतो, हे इथं कोणालाही कळतं. पाड्यापाड्यांवरची माणसं टॉवरखाली बसून गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्यांशी बोलत असतात. लाइन मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही. तरी वैशालीला केला. पासवर्ड मागितला.
"आते मन्हा फोननं कसाले पाहिजे? वायर लागी गई ना घरमा."
"तू येशी तवय लागी."
मग म्हणाली, "सुरतना दवाखानावाला बलाई ऱ्हायनात. पक्की नोकरी शे. मी..."
कट. पुन्हा लागला नाही. मी काय? संध्याकाळपर्यंत ते वाक्य पुरं करून पाहिलं. दोन्ही प्रकारे होतं.

१५ जाने.
कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल. ड्युटीवरून नुकतीच आलेली. केस बारीक कापलेत, बोलली नव्हती.
"जेवनात का?"
गावात मला सगळे सर म्हणतात, शुद्ध मराठीत. त्यांच्या घरात बोली पावरी कोणाची, भिली कोणाची. अहिराणी आम्हा दोघांचीच होती. एकट्यानं ती बोलता येत नाही.
सुरतचं मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. खोलीतली भिंत दाखवली, गॅस दाखवला, शेजारणीनं दिलेलं लोणचं. ठेवता ठेवता म्हणाली, "लिखी ल्या पासवर्ड." सांगितला. मी तिच्यासमोरच भरला, क्रमांक एक दिला.
हसली. "फोन मन्हाजोडे, पासवर्ड तुम्हनाजोडे. काय फायदा?"
चित्र बराच वेळ स्वच्छ होतं.

१६ जाने.
सकाळी तिचा मेसेज. मुलाखतीला सुरतला निघालेय, गाडीत बसले. खाली खिडकीचा फोटो, बाहेर ऊस. पोचलीस की कळव, असं लिहिलं. पहिल्या तासाला गेलो.