जळगाव मोठं करण्याची माझी मोहीम

६ जुलै, रविवार
व्याही जेवायला आले होते. प्रेमराजभाऊ, धुळ्याचे. ऋतिका त्यांच्याकडे दिली आहे, त्यामुळे मला फार बोलता येत नाही. शेवभाजीची दुसरी वाटी संपवता संपवता म्हणाले, आता धुळं जळगावपेक्षा मोठं. हद्दवाढ झाली, आजूबाजूची गावं महापालिकेत आली, क्षेत्रफळात आम्ही पुढे. मी म्हणालो, जळगाव प्रत्यक्षात फार मोठं आहे, फक्त हद्दीची रेघ आखूड पडते. तर म्हणाले, "पण हितेंद्रभाऊ, तुम्ही स्वतः कुठे जळगावात राहता? महापालिकेचा 'पुन्हा या'चा बोर्ड तर तुमच्या कॉलनीच्या अलीकडेच लागतो."
ऋतिका हसली. सख्खी मुलगी.
घर आंबेटेक ग्रामपंचायतीत येतं हे टेक्निकली खरं. पण माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान जळगावात, डेंटिस्ट जळगावात. मनाने तर शंभर टक्के.
संकल्प: दिवाळीच्या आत जळगावची हद्दवाढ. सुरुवात आंबेटेकपासून.

७ जुलै, दुपारी, दुकानात
गिऱ्हाईक नाही. मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा बघितला. वरून रेघच दिसत नाही! घरं, डाळ मिल, घरं, मध्ये केळीचा तुकडा, पुन्हा घरं. शहर कुठे संपतं ते फक्त कायद्याला कळतं. बोटाने नवी हद्द आखली. बोट जरा घसरलं आणि भुसावळ आत आलं. राहू दिलं.
घरी ज्योत्स्नाला दाखवलं. ती म्हणाली, भुसावळवाल्यांना विचारलंत का? बायकोची दृष्टी अजून तालुक्यापुरतीच आहे.

९ जुलै
'बृहन् जळगाव कृती समिती' स्थापन. अध्यक्ष मी. अख्ख्या कॉलनीला व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे बाहेर पडले. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. उरले मी, ज्योत्स्ना आणि पाण्याचे जार पोचवणारा. समिती छोटी असली की निर्णय पटापट होतात.

१३ जुलै, रविवार
सरपंच कौतिकनानांना भेटायला आंबेटेक गावात गेलो. कॉलनीत घर बांधून इतकी वर्षं झाली, पण गावात आत जायची ही पहिलीच वेळ. नानांचं घर विचारत जावं लागलं. एका म्हातारीने मला विचारलं, बँकेकडून आले का?
नानांनी चहा पाजला. मी महानगर, निधी, विकास, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, पानी रोज येस ना तुमले? मंग आखो काय जोयजे?" आणखी काय हवं, म्हणजे? मी म्हटलं, प्रश्न पाण्याचा नाही, आकाराचा आहे. मोठं शहर म्हटलं की बाहेरचे लोक आदराने बघतात. नाना म्हणाले, बाहेरचे बघतील, पण गटार तुंबली तर ते येणार आहेत का? आणि बकऱ्या कुठे चारायच्या?
मी म्हटलं, गार्डनमध्ये.
एकूण प्रतिसाद सकारात्मक.

२० जुलै, रविवार
अभ्यास दौरा. धुळं. बसने.
प्रेमराजभाऊंचं घर पूर्वी शेजारच्या गावात होतं, आता महापालिकेत. म्हणजे तेही नव्यानेच शहरी! हे त्या दिवशी बोलले नव्हते. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर कपाशी. म्हटलं, शहर कुठाय? म्हणाले, हेच की, तुम्ही शहरातच उभे आहात. समोर एक माणूस कोळपणी करत होता. तोही शहरात. बैलसुद्धा शहरात. तेवढ्यात एक ससा आडवा गेला. प्रेमराजभाऊ अभिमानाने म्हणाले, हा आमच्याच वॉर्डातला.
निघताना मात्र हळूच म्हणाले, पूर्वी दिवा गेला की ग्रामपंचायतीच्या माणसाला गच्चीवरून हाक मारायचो. आता ॲपवर तक्रार करायची असते आणि मी पासवर्ड विसरलो आहे.
निष्कर्ष: दोष प्रेमराजभाऊंच्या स्मरणशक्तीचा. हद्दवाढीचा नाही.

२७ जुलै
कॉलनीच्या गेटवर फ्लेक्स लावला. 'आंबेटेक निघाले महानगराकडे!' शेजारी माझा फोटो, हात जोडलेले, मागे ढग. डिझाइन माझंच. दुपारपासून लोक घरी येऊन ज्योत्स्नाला विचारत आहेत, भाऊ कधी गेले?
ढग काढायला हवेत.

१३ ऑगस्ट
परवा ग्रामसभा. भाषण तयार, आरशासमोर दोनदा झालं.
आज गावात महिला ग्रामसभा होती. ज्योत्स्ना शेजारणींबरोबर गेली होती. उशिरा आली, खूश दिसली. माझ्या मोहिमेची हवा करून आली असणार. विचारलं तर म्हणाली, उद्या सांगते.

१४ ऑगस्ट
अजूनही सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट, दुपारी
आधी झेंडावंदन, मग शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा. मी छान बोललो. टाळ्या कमी पडल्या, पण बसायच्या चटया कमी होत्या, लोक अवघडले होते.
मग ज्योत्स्ना उठली. मला वाटलं, अनुमोदन.
ती म्हणाली, "आम्ही कॉलनीतले लोक पाहुण्यांना सांगतो, जळगावात राहतो. पाणी मात्र आंबेटेकचं पितो. सासूबाई गेल्या तेव्हा लाकडं याच गावाने जमवली, खांदाही याच गावाने दिला. आम्ही त्यानंतरही गावात पाऊल टाकलं नाही. आता पहिल्यांदा ग्रामसभेला आलो, आणि ते गाव पुसायला."
नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.
हद्दवाढीला विरोध करणाऱ्यांनी हात वर करा, नाना म्हणाले. सगळे हात वर. मला खुलासा करायचा होता, माइक मागण्यासाठी मीही हात वर केला. तो मोजला गेला.
ठराव एकमताने.

१६ ऑगस्ट
पेपरमध्ये फोटो आला. सगळ्यांत उंच हात माझा आहे. समितीचा ग्रुप बंद केला. जारवाल्याने कारण विचारलं.
ज्योत्स्नाशी बोलत नव्हतो. तिच्या ते दुपारपर्यंत लक्षात आलं नाही, मग सोडून दिलं.
संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, राग आला का? मी म्हणालो, आईच्या वेळी खांदा द्यायला कोण कोण होतं? तिने नावं सांगितली. मला त्यातलं एकच नाव माहीत होतं. नाना.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी नाना आणि चारपाच जण घरी आले. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली आहे. मी आत जाऊन झब्बा घातला. माझं भाषण कुठेतरी पोचलं होतं तर.
बाहेर आलो तेव्हा ते ज्योत्स्नाशी बोलत होते. कॉलनीच्या वॉर्डातून तिने उभं राहावं असं सगळ्यांचं म्हणणं. मी लगेच परवानगी दिली. ती कोणी मागितली नव्हती हे नंतर लक्षात आलं.
नानांना विचारलं, माझ्याकडे काय काम? नाना म्हणाले, "तुमी फक्त वहिनीले मत द्या."
तेव्हा आठवलं. माझं मत इथे नाही. जळगावात भाड्याने राहायचो, त्या जुन्या पत्त्यावरच ते अजून आहे. हलवलंच नाही, मुद्दाम. ज्योत्स्नाने तिचं केव्हाच हलवलं होतं.
म्हणजे निदान कागदावर तरी जळगाव इतकी वर्षं माझ्यामुळे एका माणसाने मोठं होतं.
उद्या सकाळी नाव आंबेटेकला आणायला जायचं आहे. ती बरोबर येणार आहे, मी वाटेत विचार बदलेन म्हणून. जळगाव एकाने लहान होईल. प्रेमराजभाऊंना कळवायचं नाही.