अकरावीत सोडलेलं गणित

मंगळवार, संध्याकाळ

आज मनूला घेऊन आर्किटेक्चर कॉलेजात गेले. खिडकीतल्या बाईंनी तिची बारावीची गुणपत्रिका पाहिली नि म्हणाल्या, "ताई, हिनं गणितच नाही घेतलं. आता कसं होईन?"

गणित मीच सोडायला लावलं होतं, अकरावीत. डॉक्टर हो म्हणून. तेव्हाही तिच्या जीवशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर घरांचे नकाशेच असायचे. मी रागवायचे. का?

परतताना माझे डोळे भरून आले, तर तीच म्हणाली, "काहून रडून राहिली आई? बेडकांची घरं बांधीन मी."

आता तीच वही घेऊन बसले आहे. प्रत्येक नकाशाखाली तिनं खोल्यांचं क्षेत्रफळ काढलंय. एकेक गुणाकार तपासला. सगळे बरोबर आहेत.