मिठाच्या पाण्यात सुटलेली पकड

४ डिसें.
टक्, टक्-टक्. पत्र्याच्या छपराखाली सहावीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि माझी पट्टी टेबलावर ताल धरायची. आज दाढी करताना तोच आवाज कानात. किती गोड... असो.
नात वसू बंगळूरहून अचानक आली. सण नाही, सुट्टी नाही. "अज्जा, झोपते," म्हणून खोलीत गेली. सूनबाई म्हणते, प्रेमप्रकरण. तसं असतं तर पोरगी फोनला चिकटून बसली असती. हिनं तो बंदच करून ठेवलाय.

५ डिसें.
कोप्पीकर रोडला चष्मा आणायचा होता. तिला मुद्दाम बरोबर घेतलं. बसमध्ये बोलली.
तिचं काम मी साऱ्या धारवाडला सांगत आलोय. प्रयोगशाळेत आखलेली प्रथिनाची चिमुकली साखळी, पेप्टाइड. ती डीएनएवर नेमक्या एका जागी जाऊन बसणार, बिघडलेल्या जनुकाचं तोंड बंद करणार.
"जागा ओळखतच नाही, अज्जा. कुठंही चिकटते."
तपासायला म्हणून तिनं त्याच साखळीचे मणी उलटसुलट ओवले. तीही तितकीच घट्ट बसली! डीएनएवर ऋण भार, साखळीवर धन; एवढ्यावरच चिकटतात म्हणे. क्रमाचा संबंधच नाही.
आमचा स्टॉप मागे गेला. दोघांनाही कळलं नाही.

६ डिसें.
सुन्न. ओळीतले शब्द कसेही फेकले तरी कविता तीच? जन्मभर पोरांना शिकवलं की एक शब्द हलवला तर ओळ मरते.
वसूला म्हटलं तर चिडली. "कविता नको हो अज्जा आत्ता."
मग स्वतःच सांगत बसली. चूक मिठाची. कमी मिठाच्या पाण्यात सगळंच सगळ्याला चिकटतं. शरीरात असतं तितकं मीठ घातलं, तर दोन्ही साखळ्या सुटल्या.
"हे आधी नाही पाहिलंस?"
"पाहायचं होतं. पहिल्याच प्रयोगाचं चित्र इतकं देखणं आलं, अज्जा..."
आता तिच्या गाईड मॅडमनी ते चित्र परिषदेत दाखवलंय. दोघींच्या नावाचा लेख छापायला गेलाय. त्यावरच वसूची पदवी, परदेशची जागा. मॅडमना अजून पत्ता नाही.
सूनबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गप्प बस की. कोण बघायला येतंय?"
"कुणीतरी करून बघेलच की, आई. औषध म्हणून करून बघेल."
लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू, जरा जोरात.

७ डिसें.
वसूनं मॅडमना ई-मेल लिहिली. लेख मागे घ्यावा लागेल, चूक माझी. मला वाचायला दिली. "पाठवू?"
हो म्हणायला जीभ उचलेना. पदवीच्या टोपीतला तिचा फोटो मी मनात केव्हाच भिंतीवर लावलेला. तिनं क्षणभर वाट पाहिली. मग स्वतःच पाठवली, फोन पुन्हा बंद.
जेवताना सूनबाईनं मला ताक वाढलं नाही. तिच्या मते पोरीला मीच चढवलं. मी तर...

८ डिसें.
दुपारी फाटक वाजलं. गॅसवाला समजून "यार्री, कोण?" म्हणत गेलो. दारात पिकल्या केसांच्या बाई, खांद्याला एकच पिशवी. पहाटेच्या गाडीनं आल्या असाव्यात.
"वसुधा इद्दाळा?" वसू आहे का, विचारलं.
फोटोत पाहिलेला चेहरा. मॅडम! स्वतः, बंगळूरहून, आमच्या दारात.
"बर्री, ओळगे बर्री," आत बोलावलं.
आत आल्या नाहीत, चपला काढल्या नाहीत. रागावल्यात की रडून आल्यात, काही कळेना. मागे वसू येऊन उभी राहिली. मॅडमनी तिच्याकडे बघत हळू आवाजात कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "हे अजून कुणाकुणाला सांगितलंयस?"