धाकटी बहीण

मंगळवार, संध्याकाळ

...सकाळी मी भाकरी थापत होते. माझी लेक सुजाता स्पीकर लावून फोनवर इंग्लंडातल्या घरमालकिणीशी बोलत होती. बाई मूळची कलबुर्गीची. चिनू मधेच ओरडली, "अक्का, ये की, भाकर गार व्हायलीय." सगळं घर सुजाताला अक्का म्हणतं, म्हणून लेकही आईला अक्काच म्हणते. बाई हसली. "धाकटी बहीण लई बोलकी हाय तुझी. खोली तुला एकटीला देते. लेकरंबाळं न्हाई चालत मला."

सुजाता गप्प राहिली. लेकरासकट तिला तिथं कुणीच घर देईना, आणि तिचं तिथलं कॉलेज सुरू व्हायला आलंय. पण मी कामून गप्प राहिले? हे गेल्यापासून घरात बोलणं आहे ते चिनूचंच. बहीण समजू दिली तर ती माझ्यापाशी राहील. म्हणूनच का?

बुधवार

मी त्या बाईला फोन केला आणि चिनू सुजाताची लेक आहे, असं सांगितलं.