सेंटर फॉरवर्डची वळकटी

सोलापूर, संक्रांतीनंतरचा रविवार, १९७४

तीर्थरूप नागप्पामामांच्या पायांवर गुंडाचे डोके. (पाय कुर्डुवाडीत, डोके इथे, तेवढे सांभाळून घ्यावे.) आपला खोकला कसा आहे? मामींच्या गुडघ्यांना एरंडेल लागू पडले का? इकडे सर्व खुशाल. म्हणजे आपली भाचेसून केराबाई माझ्याशी बोलत नाही, बाकी ठीक.

का बोलत नाही ते सांगतो. मी फुटबॉल सोडून खेळाडूंना नोकऱ्या लावून देण्याचा धंदा धरला, हे आपल्या कानी आलेच असेल. गल्लीत मला दलाल म्हणतात. म्हणोत बापडे. मी इतक्या मिलांच्या संघांतून खेळलो, की आज गोल कुणावर करायचा हे मैदानात उतरल्यावर विचारून घ्यावे लागे. नोकरीत कायम मात्र मला कुणीच केले नाही. म्हटले, निदान दुसऱ्याला तरी करावे.

पहिलेच गिऱ्हाईक म्हणजे केराबाईचा धाकटा भाऊ धुळा. मेंढरांमागे पळून पळून पाय असे तयार, की चेंडू त्याला सोडून जायला मागत नाही. नोकरी लागली तरच लग्न, असे मुलीकडच्यांनी बजावलेले. त्याला घेऊन एका साखर कारखान्यात गेलो, त्यांच्या संघाला सेंटर फॉरवर्ड हवा होता. वळकटी उचलायला त्याचा चुलतभाऊ बिरप्पा सोबत होता (तालमीतला गडी, फुटबॉल हाताने खेळतात की पायाने, हे त्याने वाटेत विचारले).

तिथले चेअरमन आबासाहेब जाणकार माणूस, पण बैलांचे. चेंडू मागवलाच नाही. "चाला बगू," म्हणाले. दोघे चालले. आबासाहेबांनी मागून फेरी मारली, बिरप्पाच्या मांडीवर थाप टाकली आणि म्हणाले, "ह्यो घ्या. त्यो दुसरा खात न्हाय वाटतं?"

"सायेब, ह्यो वळकटीवाला हाय!" मी म्हणालो.

"मग वज्याचीबी सवय हाय की!"

बिरप्पा त्या दिवसापासून कायम. पहिल्याच सामन्यात चेंडू घेऊन येणाऱ्याला त्याने कमरेला धरून चीत केले. पंचांनी शिट्टी फुंकली, ती लोकांना विजयाचीच वाटली. आबासाहेबांनी स्वतःचा फेटा उतरवून त्याला बांधला. धुळा आपली वळकटी आपणच उचलून परत आला. मामा, मला खरेच फार वाईट वाटले.

आपला भाचा,
गुंडा

ता. क. आपल्या रेल्वेच्या साहेबांना संघासाठी एक माणूस हवा आहे, असे कळले. धुळाला एकदा बघा म्हणावे. मुलीकडचे चैत्रापर्यंतच थांबणार आहेत.

आणखी ता. क. या वेळी बिरप्पा नाही, वळकटी उचलायला मी स्वतः येतो. चड्डी घालूनच येईन, मांड्यांना तेल लावून. साहेबांनी विचारलेच, तर माझे वय आपल्याला नक्की आठवत नाही म्हणावे. धुळा काय, अजून पोरगा आहे. त्याला पुढच्या वर्षीही मुली मिळतील.