ब्रिक्सच्या नळीत सेन्सर नसतो

बारामती,
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांना सोनमचा नमस्कार.

मी बरी आहे. हॉस्टेलची भाजी पातळ असते, पण आईच्या शेंगाचटणीवर निभतंय. फोनवर बोलताना मागं पोरींची रांग असते, म्हणून पत्र लिहितेय. दिशा रोज जळोचीहून क्लासला येते, तीच पोस्टात टाकेल.

सरांनी तुम्हाला कळवलंच आहे. प्रकाशाच्या धड्याच्या टेस्टमध्ये मी पहिली आले, म्हणून मला वरच्या बॅचला घेणार आहेत. तुम्ही गावात पेढे वाटलेत म्हणे. वाटायला नको होते. म्हणजे वाटलेत ते बरंच केलंत, पण.

दिवाळीतलं आठवतं? कारखान्याचे सोमनाथमामा ऊस तोडीला आलाय का ते बघायला आले होते. त्यांनी उसाला टोचून रसाचा थेंब दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर घेतला, नळी उन्हाकडं धरली आणि मला म्हणाले, "बघ पोरी, ब्रिक्स किती हाय." म्हणजे रसात साखर किती. मी डोळा लावून आतल्या पट्टीवरचा आकडा वाचला. मग तुम्ही विचारलंत, "सोनम, तू सायन्सवाली. ह्या नळीला साखर कशी कळती गं?"

मी ठोकून दिलं, "त्यात सेन्सर असतो, आबा."

तेव्हापासून तुम्ही बांधावर, टपरीवर, भेटेल त्याला सांगताय, "आमची सोनम म्हणती, सेन्सर हाय."

आबा, त्यात सेन्सर नाही. टेस्टचा पेपर परत मिळाला, त्यातली आकृती बघताना डोक्यात आलं. सेन्सर असता तर नळी उन्हाकडं कशाला धरायची? तिला सेल घालायलाही जागा नव्हती. साखर जास्त असली की रसातून जाताना उजेड जास्त वाकतो, एवढंच. त्या वाकण्याची सगळी गणितं मी बरोबर सोडवली, आणि तेच डोळ्यापुढं आलं तर ओळखलं नाही. मग मी पहिली आले ती कशात?

सरांना विचारलं. ते म्हणाले, "ब्रिक्स परीक्षेला येत नाही. पुढचा धडा घे." दिशा म्हणाली, "विज्ञान पेपरात असतं, रानात ऊस असतो. उगं घोळ घालू नको." तिचं पटतं, आणि पटलं म्हणून रागही येतो.

वरच्या बॅचला प्रयोग नसतात, वेळ जातो म्हणून. खालच्या बॅचला शनिवारी प्रयोगशाळा उघडतात. मला खालीच राहायचंय. खाली राहून डॉक्टर होता येईल का, ठाऊक नाही. आईला काय वाटेल, तेही ठाऊक नाही. मला भीती वाटतेय.

येत्या रविवारी तुम्ही सरांना हो म्हणायला येणार आहात. त्याआधी एक करा. ज्यांना ज्यांना सेन्सर सांगितलात, त्यांना सांगा की आमच्या सोनमला तेव्हा माहीत नव्हतं. पेढे खाल्ले त्यांनाही सांगा. हे तुमच्या तोंडून निघालं, तर सरांना काय म्हणायचं ते मी सांगायला नको.

नाही निघालं, तर मी वर जाईन आणि पहिली येत राहीन.

तुमचीच,
अजून न समजलेली सोनम