बेटावरची शेकणी

१८ नोव्हेंबर १९८६
ठाण्याच्या कॉलेजातल्या कौसल्याबाई झाडझुडपं बघायला आल्या होत्या. राघोच्या होडीतून त्यांना खाडीतल्या बेटावर नेलं. आपलं शेकणीचं झुडूप म्हणे दुनियेत फक्त या बेटावर आहे! झुडपं मोजली — आठ.
"पाला कोण नेतं?" बाईंनी विचारलं.
राघोनं माझ्याकडे बोट केलं — "ही काय, आमची सुईन! दर बाळंतनीच्या न्हानाला भारा पायजे हिला."
तीस वर्षं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. यापुढे हात लावणार नाही, असा शब्द दिला.

३ डिसेंबर
सून बकुळाला नववा लागला. तिची आई रंगूबाई तणतणली — "गावच्या पोरींना शेकनी, आन् माझ्या लेकीला न्हाय? झाड तुझं सोयरं झालं काय गो?"


९ जानेवारी १९८७
नात झाली! बकुळाला निरगुडीचा पाला घालून न्हाऊ घातलं. काही अडलं नाही.

१० मार्च
बेटावर कुणीतरी सुकं गवत पेटवलं. वारा होता. राघो सांगायला आला. आठही गेली.

११ मार्च
बाईंना कार्ड टाकलं. लेकाच्या पाटीवर शिकलेली अक्षरं जुळवून एवढंच लिहिलं — आठही जळाली.

१९ मार्च
बाई येऊन मुळं उकरून गेल्या. कोळसा. "तुमचा दोष नाही हो," म्हणाल्या. आग माझी नाही, खरं. पण मी भारे नेले नसते, तर आठच कशाला उरली असती?

२९ मार्च
न्हाणीमागे निरगुडीच्या काडीला पालवी! पाला ओरबाडायचा नि काड्या मागे फेकायच्या — माझी जुनी सवय. सांडपाण्यावर रुजली. बादली हातात तशीच राहिली. शेकणीच्या काड्या मी कुठं कुठं फेकल्यात?

१२ एप्रिल
वळ गावात माझ्या जुन्या बाळंतिणींची पाच घरं पालथी घातली. दोन न्हाण्यांमागे सिमेंटचं गटार, एका घराच्या जागी गोदाम. "आक्का, काय हरवलं तुझं?" म्हणून हसतात. चहा मात्र प्रत्येकीचा घ्यावा लागला. पाय सुजलेत.

३ मे
मानकोली गाव. गोदूची तिन्ही बाळंतपणं माझ्याच हातची. तिच्या न्हाणीमागे — शेकणी! कमरेइतकी!
"ती होय? लंगोट वाळत घालायला बरी पडते. तोडून देऊ काय?"
"हात लावशील तर!" ओरडलेच मी.
धाकट्याचे लंगोट होते तसेच वाळू दिले.